दोन बटणांचा मान

माझी सून साखळी गावची. लग्नानंतर ती पेडण्याहून पणजीला ऑफिसात जायची, सकाळी काळोखात निघायची आणि काळोख पडल्यावर यायची. गेल्या वर्षी तिनं ती नोकरी सोडली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. "आई, आता मी घरातूनच काम करणार," म्हणाली. आम्ही पाटावर बसून जेवू लागलो. माझे गुडघे दुखतात, पण ते कोणी विचारलं नाही.

पहिलं काम मिळालं गावच्याच देवस्थानाचं. जत्रेला लोक नारळ, केळी, तेल आणतात, त्याची पावती कंप्यूटरवर करायची. समितीनं बजावलं होतं, जत्रेच्या आधीच्या सोमवारपर्यंत सगळ्यांना पसंत पडलं तर ठीक, नाही तर जुनं पावतीपुस्तक आहेच. पसंत पडलं तर दुसरी देवळंही बोलावतील, नाही पडलं तर पुन्हा पणजीची बस, असं सून रोज ऐकवायची. ती पुन्हा बसनं जाऊ लागली की दोन्ही वेळचं रांधप माझ्या गळ्यात. म्हणून ते सगळ्यांना पसंत पडावं असं मलाही वाटत होतं.

मी मराठी चौथीपर्यंत शिकले. तिचं काम बघत बसायचे, कारण टीव्ही त्याच खोलीत होता आणि ती तो लावू द्यायची नाही. पडद्यावर वरच्या बाजूला एक रिकामी पट्टी, तिला टूलबार म्हणतात. बाजूला बटणांचा ढीग. बटण माऊसनं धरायचं, ओढत न्यायचं, पट्टीवर सोडायचं. नीट सोडलं तर चिकटतं, नाही तर उडी मारून परत ढिगात. बटणाला मेनू जोडला की दाबल्यावर खाली यादी लोंबते. एवढ्यासाठी हिच्या बापानं हिला इंजिनियर केलं, असं मी मनात म्हटलं. मग तोंडानंही म्हटलं.

"आई, ह्याच्या मागे खूप काम असतं."

"मागे असेल. पुढे तर तू बटणं सरकवतेस."

बटणांवरची चित्रं तयार मिळतात. नारळाचं मिळालं त्यात स्ट्रॉ खोचलेली आणि वर रंगीत छत्री. हा देवाचा नारळ की समुद्रावरच्या शॅकातला, असं मी विचारल्यावर तिनं छत्री पुसायला घेतली. त्यात एक दुपार गेली. स्ट्रॉ पुसताना नारळाची शेंडीही गेली आणि शेवटी तो कांद्यासारखा दिसू लागला.

कांद्यावर समितीतलं कोणी काही बोललं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

आमच्या गावात वस्तीचे दोन वाडे, वरचा आणि खालचा. पालखीला आधी खांदा कोणाचा, तीर्थ आधी कोणाला, ह्यावरून दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. माझं माहेर वरच्या वाड्यातलं, सासर खालच्या. दोन्हीकडचे मला आपली म्हणतात आणि दोन्हीकडचे माझ्यासमोर जपून बोलतात. सुनेनं पट्टीवर दोन वाड्यांची दोन बटणं ठेवली होती. समितीच्या खोलीत तिनं लॅपटॉप उघडला, मीही सोबत गेले होते. अध्यक्ष वरच्या वाड्याचे. त्यांनी चष्मा लावला.

"आमचो वाडो दुसरो?"

"सहज ठेवलं तसं," सून म्हणाली.

"सहज कसा? वाचतत डावीकडसून. म्हणजे खालचो वाडो पयलो झालो."

सुनेनं बटण ओढून दुसऱ्या बाजूला ठेवलं. खालच्या वाड्याचे खजिनदार उभेच राहिले. "सरकता तर परत सरकव!" ती सरकवत राहिली. मग त्यांनी माऊसच तिच्या हातातून घेतला, ओढता ओढता त्यांचा हात सुटला आणि बटण पट्टीवरून गेलं.

"आमचो वाडो गेलो!" खजिनदार ओरडले.

"गेलो तर गेलो. जत्रा होतली," अध्यक्ष म्हणाले.

सुनेनं ढिगातून वाडा शोधून आणला. एकाखाली एक लावूया, म्हणाली. खजिनदार म्हणाले, "म्हणजे ते वर आणि आमी खाली? डोंगरार ते वर रवतत, ता पुरे नाय?"

घरी बांगडे तसेच ठेवून आले होते आणि मांजराची खात्री नव्हती. वैतागून मी म्हटलं, "देवाक विचारा आणि मोकळे व्हा."

खजिनदारांनी हात जोडले. "काकी बरोबर बोलली."

सुनेनं माझ्याकडे असं बघितलं, की त्या रात्री मी न सांगता भांडी घासली.

आमच्याकडे अडलं की देवाला प्रसाद लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि कुठली पाकळी पडते ते बघायचं. सोमवारी गाभाऱ्यासमोर पाटावर लॅपटॉप ठेवला, शेजारी पावत्या छापायचं छोटं यंत्र. अध्यक्षांनी तो फिरवून देवाकडे केला, देवाला दिसायला नको? भटजी पडद्यालाच कुंकू लावणार होते, सुनेनं पटकन झाकणाची पाठ पुढे केली. मग भटजींनी गाऱ्हाणं घातलं, वरच्या वाड्याचं बटण कुठल्या बाजूला ठेवावं, ते देवा, तू सांग.

उजवी पाकळी पडली.

"उजवीकडे!" खजिनदार खूश. "म्हणजे दुसरे."

"देवाची उजवी ती आमची डावी," अध्यक्ष म्हणाले. "देव आमच्याकडे तोंड करून आसा. म्हणजे पयले."

"पण कंप्यूटर देवाकडे तोंड करून आसा! देवाची उजवी तीच कंप्यूटरची उजवी. फिरवलं कोणी? तूच!"

दोघंही पाटाभोवती फिरून हात वर करून उजवी-डावी दाखवू लागले. भटजी म्हणाले, एका दिवसात एकच प्रश्न. अध्यक्ष दमून खाली बसले आणि म्हणाले, "पावतीपुस्तक हाडा." आणायला एक जण उठलाही.

सुनेचा चेहरा उतरला. मला पणजीची बस दिसू लागली आणि तिच्यामागे चुलीपाशी उभी मी.

ती म्हणाली, "जरा थांबा." लॅपटॉप आपल्याकडे वळवून तिथेच मांडी घालून बसली आणि बटणांना हात न लावता मागचं काहीतरी भराभर लिहीत गेली. मग डावीकडे वरचा वाडा ठेवून अध्यक्षांना म्हणाली, "दाबा."

त्यांनी दाबलं. पावती बाहेर आली आणि दोन्ही बटणांनी जागा बदलल्या. आता खालचा वाडा पहिला.

"आता तुम्ही," ती खजिनदारांना म्हणाली.

"कशाक? असोच रवांदे."

"मग तुमच्या वाड्याचे नारळ नोंदवायचेच नाहीत?"

खजिनदारांनी तोंड वाकडं करून दाबलं. वरचा वाडा पहिला झाला. अध्यक्षांनी दाबलं. खजिनदारांनी दाबलं. मग दोघांना त्याची गोडी लागली. कोणीही न आणलेल्या नारळांच्या पावत्या सभामंडपभर पसरल्या आणि कागदाचा रोल संपला तेव्हाच दोघं उठले. काम पसंत, असं अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं.

जत्रेत मात्र पावत्या करायला बसलेल्याची दैना झाली. सवयीनं माऊस नेला, की बटण दुसरीकडे. वरच्या वाड्याचे कितीतरी नारळ खालच्या वाड्यावर चढले आणि उलटही. कोणी भांडलं नाही, कारण पावतीवर वाडा बारीक अक्षरात होता आणि पट्टीवर आपण पहिले होतो हे प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलं होतं.

जत्रेनंतर पलीकडच्या गावच्या देवस्थानानं सुनेला बोलावलं. त्या गावात सात वाडे आहेत. ती हो म्हणून आली.