आईला लागलं, म्हणजे नक्की काय झालं

परळच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला आणि तक्रारी इंग्रजीत गेल्या. पूर्वी गॅलरीतून एक हाक मारली की काम व्हायचं. आता टॉवरच्या ऑफिसला ईमेल करा!

लिफ्टचा दरवाजा फटकन मिटायचा. एका सकाळी भाजी घेऊन वर येताना तो आईच्या मनगटावरच बसला. हाड मोडलं. मी मराठी शाळेतली, पण कुणाच्या हातापाया न पडता स्वतःच लिहिलं, ‘माय मदर इज हर्ट बाय युवर लिफ्ट.’ लागलं म्हणजे हर्ट, एवढं तर येतंच की.

तीन दिवसांनी उत्तर आलं, आपल्या मातोश्रींच्या भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत. दरवाजाबद्दल चकार शब्द नाही!

माझं डोकंच फिरलं. इकडे आईने बाहेर पडणं सोडलेलं. ‘माका नको ती लिफ्ट,’ एवढंच म्हणायची. तेरा मजले जिने तिला झेपणार कसे? खाली बाकावर चाळीतल्या जुन्या बायका तिची वाट बघत बसायच्या.

आमच्याच मजल्यावर एक मिस राहतात, इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. ईमेल वाचून त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, ‘अगं, हर्ट मनालाही होतं. सॉरी म्हटलं की ते सुटले. डॅमेज वस्तूला होतं. माणूस इन्जर्ड होतो. इन्जर्ड लिही, मग बघ कसे पळतात.’

लिहिलं. एक्स-रे जोडला. ईमेलची प्रिंट काढून ऑफिसात जाऊन बसले. म्हटलं, मेकॅनिक आल्याशिवाय हलणार नाही. दुपारी आला. दरवाजा आता सावकाश मिटतो, मध्ये हात आला तर थांबतो.

दुसऱ्या दिवशी आईला बळेच खाली न्यायला निघाले. लिफ्टमध्ये मी फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हर्टचा कसा भलताच अर्थ काढला, भावना म्हणे दुखावल्या, मूर्ख कुठले!

आई प्लास्टरकडे बघत म्हणाली, ‘तेंनी लिवलला खोटा नाय गो. तेवा आतमदी दोघा होती, चाळीतलीच. एकान पण दार उघडूचा बटन दाबूक नाय. हात काय, बरो होतलो. पण मनाक लागला, ता कोणी इचारूक नाय. तू पण नाय.’