आबांच्या वाट्याचा खेकडा

एका पावसाळ्यात माझ्या वडिलांनी अन्नाचा कण खाल्ला नाही, आणि वजन वाढलं ते माझं.

आबांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. उरलेल्या आतड्याला विश्रांती हवी, म्हणून डॉक्टरांनी सगळं पोषण शिरेतून सुरू केलं. दुधासारखी पांढरी पिशवी रोज संध्याकाळी छातीजवळच्या नळीला जोडायची. माझी बायको शोभा ते काम दवाखान्यात शिकून आली होती. मला हात लावायची परवानगी नव्हती (मी शिकता शिकता नाक खाजवलं होतं).

आमच्या गावात, बेडशात, हे कुणाला पटेना. शेजारच्या हौसामावशी तर, पोरानं बापाला उपाशी ठेवलंय, असं गावभर सांगायच्या आणि आबांसाठी डबा ठेवून जायच्या. तांदळाची भाकरी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा झणझणीत रस्सा!

आबांना त्यांचं मन मोडवेना. "तू खा," ते मला हळूच म्हणाले. "पन कसं झालंय ते सांगत खा."

मग मी त्यांच्याजवळ बसून खायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. लसूण पुढं आलाय का, नांगी भरलेली आहे का, सगळं विचारायचे. तिकडे पिशवीनं त्यांच्या गालावर तुकतुकी आली. मावशींना वाटलं, रस्सा लागू पडला. त्यांनी डबा दुप्पट केला!

शेवटी एका सकाळी मी संडासातून बाहेर येईना. वडगावहून डॉक्टर आले आणि मला ओसरीवर आडवं करून सलाइन लावलं. नेमक्या तेव्हाच मावशी डबा घेऊन आल्या. काय खाल्लं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी दारातल्या खुर्चीत बसलेल्या आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे पाहिलं. मग मी सगळं सांगून टाकलं, अगदी नांग्यांसकट.

मावशींनी डबा खाली टेकवला. मग आबांना म्हणाल्या, "पन रस्सा बरा व्हता ना?"

"ह्यो सांगायचा तसा असंल, तर लय भारी," आबा म्हणाले. "आतडं बरं झालं की पयला घास तुमच्याच हातचा."

पुढे त्यांनी तो खाल्लाही, चमचाभर, डोळे मिटूनच. आता आबा नाहीत. बाजारात खेकडे दिसले की मला ती ओसरी आठवते.

त्या दिवशी मात्र मावशींनी डबा उचलला आणि जाताना शोभाला बजावलं, "ती पांढरी पिशवी आता ह्येलाच लाव. तोंड तरी बंद ऱ्हाईल."