शैलाचा पाळणा आणि बॅकअपचा फोल्डर

"बॅकअप घेतलास?" मी विचारलं.

"घेतला की, काकू. आज सकाळी उठल्या उठल्या घेतला. कुणाला न विचारता, माझी मी."

"सगळ्याचा?"

"सगळ्याचा. फोटो, नंबर, पाळणा. सगळं."

मी बटण दाबलं.

तर या एका बटणाची ही गोष्ट. पण आधी मी कोण आणि शैलाचा फोन माझ्या हातात का, ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई सुरूच झाली.

मी जुन्या स्मार्टफोनवर नवीन रॉम टाकून देते. आमच्या मार्केटात मला रॉमवाली आंटी म्हणतात. रॉम म्हणजे फोन ज्याच्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर. कंपनी दोन-तीन वर्षं त्याचे अपडेट देते, मग म्हणते, आता नवा फोन घ्या. फोन बिचारा ठणठणीत असतो. मग जगभरातली काही हौशी मंडळी त्या फोनसाठी स्वतः नवीन सॉफ्टवेअर बनवतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवतात. ते उतरवायचं आणि फोनमध्ये बसवायचं, हे माझं काम.

शिकले कुठे? कुठेच नाही. दिल्लीतलं, मयूर विहारचं भाड्याचं घर सोडून आम्ही हद्दीपलीकडे यूपीत, गाझियाबादला, वैशालीत फ्लॅट घेतला तेव्हा नव्या नव्या कंपन्या येत होत्या आणि आमच्या गॅलरीतून गव्हाचं शेत दिसायचं. मिस्टरांच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आला होता. तो दर आठवड्याला बंद पडायचा, आणि दुरुस्तीवाल्याला दिल्लीत फोन केला की तो म्हणायचा, "मैडम, यूपी में नहीं आते." मग काय, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मीच उघडला. तेव्हापासून उघडतेच आहे.

माझं स्वतःचं दुकान नाही. इरफानभाईंच्या मिक्सर रिपेअरिंगच्या दुकानात अर्धा काउंटर माझा. इरफानभाई पंचावन्नचे, मूळचे पानिपतचे. मोटरचा नुसता आवाज ऐकून ते सांगतात की कार्बन ब्रश गेलाय की बेअरिंग. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत. त्यांचा कान मला ठाऊक होता, पण तो एक दिवस माझी अब्रू वाचवेल हे ठाऊक नव्हतं.

आता शैला. आमच्याच सोसायटीतली, बावन्न वर्षांची, मराठी मंडळात हळदीकुंकवापासून नाटकापर्यंत सगळीकडे पुढे. तिचा धाकटा भाऊ मिलिंद तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. तो जर्मनीत. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली, आणि हिला व्हिसा मिळाला नाही. म्हणजे आत्या इथे, बाळ तिथे, आणि रविवारी बारसं.

बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. यात शैला तडजोड करणार नव्हती. व्हिडिओ कॉलवरून नाव सांगायचं ठरलं. शिवाय तिने अकरा कडव्यांचा पाळणा रचला होता, घरातल्या एकेका माणसाचं नाव गुंफून. आणि त्याच वेळेला व्हिडिओ कॉलचं ॲप म्हणालं, या फोनवर मी यापुढे चालणार नाही.

बुधवारी ती काउंटरवर आली तेव्हा रडायचीच बाकी होती.

"काकू, तिकडे वहिनीची आई पोचलीय नागपूरहून. मी दिसले नाही तर ती माऊली स्वतःच नाव सांगून मोकळी होईल."

"नवीन फोन घे ना."

"हा मिलिंदने दिलाय. जर्मनीत नोकरी लागली तेव्हा." विषय संपला.

फोन बघितला. चांगला होता. त्याच्यासाठी रॉम मिळत होती. अडचण बूटलोडरची. बूटलोडर म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा गार्ड समजा. कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव असलेलं सॉफ्टवेअरच तो आत सोडतो. आपल्याला बाहेरचं न्यायचं तर आधी त्याला बाजूला करावं लागतं. त्याला म्हणतात अनलॉक. या कंपनीकडे त्यासाठी अर्ज करायचा आणि तीन दिवस थांबायचं. का, तर तुमचा विचार बदलला तर! जसं काही आपण घटस्फोटच घेतोय.

मी अर्ज टाकला. म्हटलं, शनिवारी ये.

शनिवारी कशाला, ती रोज आली. "परवानगी आली का, काकू?" करत यायची आणि इरफानभाईंच्या बाजूच्या स्टुलावर बसायची, कारण माझ्याकडे स्टूल नाही. बसली की पाळण्याची प्रॅक्टिस. बुधवारी पाळणा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेला होता, खाडाखोड करून करून काळा झालेला. तो बघून मी काय बोलले असेन?

"शैला, कागद कसले सांभाळतेस? फोनमध्ये टाक. बदलायला सोपं जातं."

मीच तिला मराठी टायपिंग शिकवलं. माझ्या या हातांनी. तिने सगळा पाळणा नोट्समध्ये टाईप केला आणि कागद फाडून इरफानभाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. डबा रोज रिकामा होतो. मला फार अभिमान वाटला होता त्या दिवशी.

गुरुवारी, शुक्रवारी ती फोनमध्ये बघून म्हणायची, मग थांबून एखादी ओळ बदलायची, परत पहिल्यापासून. मी कानात इअरफोन घालून रॉमवाल्या मंडळींचे व्हिडिओ बघत होते. खरं सांगते, मी एक ओळसुद्धा नीट ऐकली नाही. सुरुवात तेवढी ठाऊक होती:

पाळणा हलतो जर्मनीत, दोरी आत्याच्या हाती,
गाझियाबादच्या गच्चीवरनं आत्या गाणं गाती.

शनिवारी परवानगी आली. आता मघाचं बटण. बूटलोडर अनलॉक करताना फोन स्वतःला पुसून टाकतो. म्हणजे गार्डला हटवलंत, तर चोर आला तरी त्याला काही मिळू नये म्हणून फोन आधीच घर रिकामं करून, भिंती धुऊन ठेवतो. म्हणून तर मी प्रत्येकाला विचारते, बॅकअप घेतलास? विचारलंही. ती हो म्हणाली. मी दाबलं.

दीड तासात नवीन रॉम बसली. फोन सुरू झाला. ॲप चाललं. साधा कॉल लागला, कॅमेऱ्याने फोटो निघाला. मी कॉलर ताठ करून फोन तिच्या हातात दिला.

"आता तुझा बॅकअप काढ, परत टाकून देते. कशावर घेतलायस? पेन ड्राइव्ह?"

"पेन ड्राइव्ह कशाला? याच्यातच आहे की."

"याच्यात म्हणजे?"

"फोनमध्ये. मी नवीन फोल्डर केला, सगळं कॉपी करून त्यात ठेवलं. फोल्डरला नावसुद्धा दिलंय. बॅकअप."

इरफानभाईंनी मिक्सर बंद केला. मार्केटात इतकी शांतता मी कर्फ्यूतसुद्धा ऐकली नव्हती.

"शैला," मी म्हटलं, "घराला आग लागेल म्हणून तू दागिने काढलेस आणि त्याच घरातल्या दुसऱ्या कपाटात ठेवलेस."

"म्हणजे गेलं?"

"फोटो मिलिंदकडे असतील. नंबर सिममध्ये आहेत."

"आणि पाळणा?"

मी इरफानभाईंच्या डब्यात वाकून बघितलं. रिकामा. कागद मीच फाडायला लावला, बटण मीच दाबलं.

"अगं पण तू रचलायस ना? तुला आठवेलच."

"काकू, मी तो वीस वेळा बदललाय! मला आता सगळ्याच ओळी आठवतायत, आणि त्यातली शेवटची कुठली तेच आठवत नाहीये." तिने पहिलं कडवं म्हटलं. दुसरं सुरू केलं, "मोठ्या काकांनी आणली गं, मोत्यांची झालर..."

"नहीं दीदी," इरफानभाई म्हणाले. "वो वाली लाइन आपने जुमेरात को काट दी थी."

जुमेरात म्हणजे गुरुवार. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायला लागलो.

"उसकी जगह आपने चाँदी का कुछ रखा था." त्यांनी डोळे मिटले, हातातल्या पान्याने काउंटरवर ठेका धरला आणि म्हणायला लागले. चालीसकट. ळ चा ल होत होता, पण कडवं अख्खं आलं:

मोठे काका पाठवती चांदीचा गं वाला,
इवल्याशा पायांना शोभे घुंगुरमाला.

शैलाने तोंडावर हात ठेवला. "हेच! हेच फायनल होतं!"

"भाईसाहब, आपको मराठी आती है?" मी विचारलं. सहा वर्षं शेजारी बसतोय आम्ही.

"एक लफ़्ज़ नहीं, बहनजी. लेकिन तीन दिन से कान के पास यही चल रहा है. घर पे सलाद काटते हुए गा रहा था, बीवी ने पूछा किसके यहाँ बच्चा हुआ है."

"फिर भी पूरा याद हो गया?"

"हम पानिपत वाले हैं. मराठे आएँ तो याद रखते हैं."

मी चटकन इंटरनेट पॅकचं जुनं बिल उलटं केलं आणि लिहायला बसले. तिसरं आलं, चौथं आलं, पाचवं आलं. कुठे ते अडले तर शैला पुढचा शब्द सांगायची, कुठे ती जुन्या ओळीवर घसरली तर ते मान हलवायचे. गिऱ्हाइकं येऊन उभी राहात होती. एक सरदारजी ज्यूसर घेऊन आले होते, ते ज्यूसर मांडीवर घेऊन बसूनच राहिले.

पाचव्यानंतर इरफानभाई थेट आठव्याला गेले.

"छठा और सातवाँ?" शैलाने विचारलं.

"वो नहीं है, दीदी."

"नहीं है मतलब?"

"आप जब भी वहाँ पहुँचती थीं, मैं मोटर टेस्ट करता था. पाँच के बाद मिक्सर, फिर आठ से." ते खरंच ओशाळले होते. "मुझे लगा, थोड़ा लंबा है."

शैलाने कपाळाला हात लावला. सहावं आणि सातवं कुणाचं होतं? नागपूरचं. वहिनीचे वडील आणि वहिनीची आई. म्हणजे उद्या जी बाई समोर बसून प्रत्येक शब्द मोजणार, नेमकं तिचंच नाव गायब. आत्याने मुद्दाम गाळलं असंच ती म्हणणार, आणि पुढची वीस वर्षं म्हणत राहणार. मिलिंदला तिच्या लेकीबरोबर संसार करायचा होता.

"दोन कडवी नवीन करू," मी म्हटलं.

"मला आत्ता काही सुचणार नाही, काकू."

मग मीच सुरुवात केली. मी आयुष्यात कधी कविता केलेली नाही.

"नागपूरचे आजोबा तुला घेतील उचलून खांद्यावर..."

"बहनजी," इरफानभाई म्हणाले, "इसमें एक लफ़्ज़ ज़्यादा है."

परत म्हणून बघितलं. खरंच एक शब्द जास्त होता. मी "उचलून" काढलं. ओळ मोटरसारखी फिरली. मग शैलालाही सुचायला लागलं. वहिनीच्या आईवर तिने मनावर दगड ठेवून इतकं गोड कडवं केलं, की मी म्हटलं, आधीचं याच्याइतकं चांगलं होतं का? ती म्हणाली, "नाही. आधीच्यात मी एक टोमणा घातला होता."

या वेळी तीन कॉपी केल्या. एक तिच्या पर्समध्ये, एक माझ्या, आणि एक इरफानभाईंनी भिंतीवर चिकटवली.

रविवारी दुपारी अडीचला मी तिच्या घरी हजर. तिकडे सकाळचे अकरा. कॉल लागला आणि मिलिंदचा पहिला शब्द, "ताई, तू उलटी का दिसतेस?"

अशा रॉममध्ये काहीतरी बारीक खोट असतेच. फोटो काढताना पुढचा कॅमेरा सरळ होता, पण व्हिडिओ कॉलवर चित्र उलटं जात होतं. मी शनिवारी फोटो काढून बघितला होता, व्हिडिओ कॉल करून बघितला नव्हता. आणि माझा फोन देऊन उपयोग नव्हता, कारण मी त्याच्यावर तेव्हा एक नवी रॉम ट्राय करत होते आणि त्याचा माइक मुका होता. आता इथे दुरुस्ती करायला वेळ कुठला? मी स्क्रीन फिरणं लॉक केलं आणि फोनच उलटा धरला. आता तिकडे आत्या सरळ दिसत होती. इकडे शैलाला बाळ, पाळणा, नागपूरकर, सगळे छताला लोंबकळताना दिसत होते. तिला त्याचं काही नव्हतं.

ती अकराही कडवी म्हणाली, न चुकता. सातव्याला नागपूरच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. उलटा पदर, पण लावलेला कळत होता. मग मिलिंदने फोन बाळाच्या कानाशी नेला आणि शैलाने स्क्रीनला ओठ टेकवून कुर्रर्र केलं. नाव इतक्या जोरात सांगितलं, की गुपित आमच्या खालच्या मजल्यालाही कळलं. बाळ दचकून जागं झालं आणि आवाजाच्या दिशेने वळलं.

शेवटी आजी म्हणाल्या, "शैलाताई, तो पाळणा मला लिहून पाठवा हो." शैला म्हणाली, "पाठवते. तीन कॉपी आहेत."

कॅमेऱ्याचा दोष मी पुढच्या आठवड्यात काढला. तो फोन आणखी दोन वर्षं चालला.

आणि माझ्यापुरतं म्हणाल, तर मी प्रश्न बदलला. आता मी "बॅकअप घेतलात?" असं विचारत नाही. "बॅकअप कुठे घेतलात?" असं विचारते आणि समोर आणून दाखवा म्हणते. तोपर्यंत बटणाला हात लावत नाही. उत्तर द्यायला गिऱ्हाईक अडखळलं, की शेजारी इरफानभाई मिक्सर बंद करतात.