उभ्या पिकातलं गोल्फ

सरळ रेषेत चालता न येणारा, पण दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस या जगात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. रस्त्यावर, मॉलमध्ये, अगदी आमच्या मुलांच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा ते नाकासमोर चालत होते. पण खाडीकाठच्या आमच्या गोल्फ मैदानावर पाऊल पडलं की बिघडलंच. मैदान लिंक्स पद्धतीचं. म्हणजे झाड औषधालाही नाही, नुसतं गवत, वाळूचे खड्डे आणि खारा वारा. चेंडू समोर दिसत असतो. व्याही आधी डावीकडे वीस पावलं जातात, काटकोनात वळतात, मग उजवीकडे, आणि मग कधीतरी चेंडूपाशी पोचतात. पिशवीत चौदा काठ्या, वापरतात एकच. बाकीच्या म्हणे पाहुण्यांसाठी!

मला वाटलं, हा गोल्फचाच काही नियम असावा. मी सातारचा, बँकेतून निवृत्त झालेला. मला काय कळतंय! निमूट मागे चालत राहिलो. तिसऱ्या रविवारी विचारलं, तेव्हा माझी कीव करत म्हणाले, "व्याही, उब्या पिकातनं कोन चालतंय?"

पीक कुठलं? या मैदानाखाली त्यांची भातखाचरं आहेत. नवं शहर वसवताना जमीन गेली, मोबदल्यात क्लबचं सभासदत्व मिळालं, बांध सपाट झाले. पण यांच्या पायांना ते कुणी कळवलंच नाही. चौथ्या होलच्या झेंड्याशी तर ते बूट काढून हातात घेतात, कारण तिथे त्यांचं खळं होतं.

मागचे खेळाडू ताटकळायचे. "अंकल, जल्दी करो ना!" शेवटी क्लबचं पत्र आलं: चार तासांत खेळ संपवा, नाहीतर सभासदत्व रद्द. मी हात जोडले. "एक रविवार सरळ चला हो. नाहीतर ही जमीन दुसऱ्यांदा जाईल." त्यांनी मान डोलावली.

त्या रविवारी सेक्रेटरी घड्याळ घेऊन बरोबर होते. व्याही तीन होल सरळ चालले. मी मनात खूश. चौथ्याला चेंडू त्यांच्या मोठ्या खाचराच्या मधोमध पडला. त्यांनी पाय उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"व्याही, तुमी जा सरल. मना नाय जमत. माजी आय लावनी करायची हितं."

"अहो, गवत आहे ते!" मी चक्क ओरडलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तोवर व्याही डावीकडे वळले होते. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, आणि आठवड्याभरात दुसरं पत्र आलं.

आता मी एकटाच खेळतो. करमत नाही. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो: "बांदावरनंच गेले ना तुमी?" मी बिनदिक्कत 'हो' म्हणायचो.

गेल्या रविवारी माझा चेंडू त्याच खाचरात पडला. सरळ जायला निघालो, तर पाय उचलेना. इकडेतिकडे पाहिलं आणि डावीकडे वीस पावलं गेलो. मागून कुणीतरी ओरडलंही. संध्याकाळी फोनवर पहिल्यांदा खरं 'हो' म्हटलं. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे.

ते म्हणाले, "मदला बांद निसरडा हाय. सांबालून जात जा."

"हो," मी म्हटलं, "जपूनच गेलो."