शेंदराखालचा दगड

काचनळीच्या गार टोकाला पिवळसर थेंब जमला आणि केमिस्टसाहेब ओरडले, “अक्का, इकडे या! आभाळातलं तेल बघा!”

मी जळगावच्या एका तेलगिरणीच्या लॅबमध्ये भांडी धुवायचे. शिक्षण चौथी. सरकीच्या पेंडीत किती तेल उरलं, हे साहेब तपासायचे. लढाईचे दिवस होते.

तो थेंब ज्या दगडातून निघाला, तो जामनेरकडच्या एका शेतात आभाळातून पडला होता. काळा, एका बाजूने फुटलेला. साहेब सांगायचे, सूर्याभोवती लहान लहान गोटेही फिरतात, त्यांतलाच हा तुकडा. त्यात सेंद्रिय द्रव्य, म्हणजे तेला-डांबराच्या जातीचं काही आहे का, ते त्यांना बघायचं होतं. सापडलं तर कलकत्त्याचे शास्त्रज्ञ बोलावतील, पेंडीतून सुटका होईल, एवढीच त्यांची आशा.

गावाने दगडाला शेंदूर फासला होता. देताना शेतकरी म्हणाला, “हाऊ देव शे, भाऊ. काम झालं की परत द्या.”

साहेबांनी आतला तुकडा नळीत तापवला. थेंब आला. लगेच कलकत्त्याला पत्र लिहायला बसले. लिहिता लिहिता सहज विचारलं, “शेंदूर कशाने काढलात?”

“रॉकेलनं.”

पेन थांबलं.

“तुम्हीच म्हणालात, स्वच्छ करा. तेलातला शेंदूर पाण्यानं निघतो होय? गिरणीत सगळं रॉकेलनंच पुसतात. रेशनचं होतं, घरून आणलं मी.”

“वरवर पुसलात ना?”

“बुडवून ठेवला. दिवसभर.”

“सगळा?”

“सगळा.”

शेंदूर वरच्या सालीवरच होता. रॉकेल मात्र फुटक्या बाजूने आतपर्यंत मुरलं होतं. आता थेंब आभाळातला की माझ्या बाटलीतला, हे कोणीच सांगू शकणार नव्हतं.

“साहेब, बुडवायच्या आधी मी फुटक्या बाजूचा वास घेतला होता. डांबरासारखा होता.”

“तुमचं नाक पाकिटात घालून पाठवू का, अक्का?” त्यांनी नळी माझ्या हातात दिली. “धुऊन टाका.”

मी धुतली.

दगड गावाला परत गेला, पुन्हा शेंदूर चढला. साहेब शेवटपर्यंत पेंडच तपासत राहिले. त्यानंतर लॅबमध्ये काहीही आलं की मी आधी दुसऱ्या कोणाला तरी वास घ्यायला लावायचे, मगच हात लावायचे. तसा दगड मात्र पुन्हा आला नाही.