डागवालीची उत्तरं

लाँड्रीत तिला सगळे डागवाली म्हणायचे. कपडा आला की ती काउंटरवर पसरायची, उजेडात धरायची, जुना डाग दिसला की खडूने गोल करायची आणि पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. नाहीतर लोक काय, धुऊन दिल्यावर म्हणणार, हा डाग तुम्हीच पाडला!

घरी मात्र या बाईचं काही चाललं नाही. नवरा कारखान्यात फिटर. बाहेर गरीब गाय. घरात आला की प्रश्न विचारायचा. "भाजीत मीठ कुणी टाकलं?" "मी" म्हटलं तर थोबाडीत. माहीत नाही म्हटलं तर खोटं बोलते म्हणून लाथ. गप्प राहिलं तर माज चढला म्हणून पट्टा. इकडे आड तिकडे विहीर, अशी बावीस वर्षं काढली तिने.

मुलगी भाषाशास्त्र शिकत होती, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. विद्यापीठाने निबंधाचं बक्षीस लावलं होतं. पहिल्या नंबराला पुढचं शिक्षण फुकट, दूरच्या शहरात, हॉस्टेलसकट. पोरीने विषय घेतला, ज्यांना बरोबर उत्तरच नसतं असे प्रश्न. माहिती गोळा करायला लांब जावं लागलं नाही. चाळीस संध्याकाळी फोन इस्त्रीच्या कपड्यांखाली दडवून बापाचे प्रश्न आणि आईची उत्तरं टिपली. फोन ठेवायची आईच. "माझं व्हायचं ते झालं," ती म्हणायची. "तू सूट इथून."

निबंध पहिला आला. पण नियम असा की ज्यांचं बोलणं टिपलं त्यांची फॉर्मवर सही हवी, शुक्रवारपर्यंत.

"त्यांची सही मी आणते," डागवाली म्हणाली. दिवसाला शंभर सह्या घेणारी बाई ती! आणि तिथेच घसरली. आधी डाग दाखवायचा, मग सही मागायची, ही लाँड्रीची सवय हाडीमाशी खिळलेली. तिने निबंध नवऱ्यापुढे पसरला.

त्याने चार पानं वाचली. मग हळूच विचारलं, "मी असा बोलतो?"

"हो," ती म्हणाली.

त्याने तिचा उजवा हात कपाटाच्या चौकटीत धरला आणि दार आपटलं. तीनदा. बोटं मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. मुलगी धावत आली, तर तिला भिंतीवर फेकलं, कपाळ फुटलं. मग निबंधाची पानं फाडून बायकोच्या तोंडात कोंबली. "खा! नवऱ्याची अब्रू खा!" मेल्याला अब्रू होती म्हणे! दम लागला तेव्हा थांबला.

दवाखान्यात तिने सांगितलं, हातावर दार लागलं. खोटं नव्हतंच ते.

शुक्रवारी फॉर्मवर एकच सही गेली, आईची, डाव्या हाताची, वाकडीतिकडी. परीक्षक म्हणाले, मग वडिलांचं एकही वाक्य ठेवता येणार नाही. ते गाळून आमच्यासमोर वाच, मग बघू.

मुलीने वाचलं. बापाच्या वाक्याच्या जागी थांबायची, मग आईचं उत्तर.

"मी टाकलं."

थांबली.

"नाही हो, मीच. चुकलं."

थांबली.

"चुकलं म्हटलं ना. पोरीला नको. पोरीला नका मारू."

अर्धा तास असाच गेला. मागे बसलेली डागवाली आपलीच उत्तरं ऐकत होती, आणि तिला स्वतःची इतकी कीव आली की तिने पदर तोंडात कोंबला.

शेवटी म्हातारे परीक्षक म्हणाले, "पण बाळ, गाळलेल्या जागी काय होतं हे कळल्याशिवाय निबंध उभा कसा राहणार?"

डागवाली उठली आणि प्लास्टरमधला हात वर केला.

"हे होतं, साहेब."

बक्षीस मुलीलाच मिळालं, आणि रविवारी आईने तिला सामानासकट गाडीत बसवून दिलं. गाडी वळेपर्यंत डावा हात हलवत राहिली. पोरगी सुटली, आता कुणाच्या बापाला भ्यायचं? तोंडातून काढून जपलेली फाटकी पानं पिशवीत होतीच. ती घेऊन डागवाली घराकडे नाही, दुसऱ्याच रस्त्याला लागली.

संध्याकाळी तिने दाराची कडी वाजवली. नवऱ्याने दार उघडलं, पट्टा हातातच होता.

"कुठे गेली होतीस?"

डागवाली बाजूला सरकली. उत्तर तिच्या मागे उभ्या पोलिसाने दिलं.