शितप सर आणि फिकट छपाई

लग्नपत्रिका हातात पडली की शितप सर आधी तिच्यातल्या चुका काढत, मग लग्न कुणाचं ते बघत. पालीच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे, मी विज्ञान. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी घायाळ केलं नाही असा माणूस स्टाफरूममध्ये उरला नव्हता. स्वतःच्या रक्तदाबाला मात्र त्यांनी उदार मनाने माफ केलं होतं.

शाळेतल्या तपासणीत तो बराच वर निघाला, तेव्हा सर म्हणाले, "बाई, माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मशीनच बिघडलंय." डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी आठ दिवस घेतल्या आणि आपण बरे झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. मीठ कमी करा म्हटल्यावर लोणचं सोडलं, आणि त्या त्यागाच्या बळावर खारवलेला बांगडा दुप्पट खाऊ लागले.

दोनेक वर्षांनी त्यांना अक्षरं पुसट दिसायला लागली. दोष अर्थात छापखान्याचा. "हल्ली शाईच घालत नाहीत हो," असं त्यांचं निदान. वर्षभरात दोन चष्मे झाले. दोन्ही चष्मेवाले बिनडोक ठरले. मग एक दिवस धडा वाचता वाचता सर ओळीच्या मध्येच थांबले. वर्गाला वाटलं, सर भावुक झाले. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी मला हळूच सांगितलं की डाव्या डोळ्याला पानाचा मधला भागच दिसत नाहीये.

सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी त्यांना रत्नागिरीला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आत पाहिलं आणि चष्म्याचा नंबर काढायचं सोडून दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे. या दाबाने डोळ्यामागच्या पडद्यावर रक्त झिरपलंय, असं त्या म्हणाल्या; आज डोळ्यात झालं, उद्या मेंदूत होईल. सरांनी त्यांच्या बोलण्यात एकही चूक काढली नाही. वहिनींचा हात तेवढा घट्ट धरून बसले.

चार दिवस दवाखाना, मग रोजच्या गोळ्या. उजवा डोळा सुधारला. डाव्याच्या मध्यावरचा डाग राहिला तो राहिलाच. शेवटी नोकरी सोडून ते मुंबईला लेकीकडे निघाले. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले होते.

"दुखलं असतं तर ऐकलं असतं हो मी," सर म्हणाले. "जरासुद्धा दुखलं नाही."

मला त्यांची कीव आली. विज्ञानाची शिक्षिका ना मी, मला हे सगळं आधीपासूनच ठाऊक होतं. परतताना वाटेत आरोग्य केंद्र लागलं, म्हणून सहज आत शिरले. नर्सने पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग विचारलं, "बाई, सोबत कुणी आलंय का?"